दोन दुर्बिणींच्या मधलं आतडं

हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्यांचे तीन महिने संपले, खजूर-गूळ-पालक सगळं झालं, आकडा हलत नाही. रुग्ण बाई असेल तर पाळीच्या रक्तस्रावावर बोट ठेवलं जातं, पुरुष असेल तर मूळव्याधीवर. शेवटी तोंडातून दुर्बीण घातली जाते. अन्ननलिका आणि जठर ठाकठीक. मग खालून घातली जाते, मोठं आतडंही स्वच्छ. दोन्ही रिपोर्टांवर ‘नॉर्मल’ आणि रुग्णाला जिना चढताना धाप लागतेय. पोटविकारतज्ज्ञांना हा प्रकार चांगला ओळखीचा असतो. वरची दुर्बीण जिथे थांबते आणि खालची जिथवर पोचते, त्यांच्या मध्ये काही मीटर लहान आतडं उरतं. या दोन्ही रिपोर्टांत त्याच्याबद्दल अवाक्षर नसतं.

लांबी हा त्यातला पहिला अडथळा. जिवंत माणसात स्नायूंचा ताण असल्यामुळे लहान आतडं साधारण तीन ते पाच मीटर भरतं. शवविच्छेदनात तेच सैल पडून सहा-सात मीटर होतं. दुसरा अडथळा त्याहून मोठा. सुरुवातीचा वीतभर भाग, म्हणजे ड्युओडेनम, पोटाच्या मागच्या भिंतीला घट्ट धरलेला असतो. वरची दुर्बीण तेवढ्यातच फिरते. पुढचं जेजुनम आणि शेवटचं इलियम मात्र मोकळं असतं, सतत हलत आणि वेटोळी बदलत असतं. दुर्बीण जोर लावून ढकलली, तर वेटोळं ताणलं जातं आणि टोक होतं तिथेच राहतं.

आतला कारभार केवढा आहे, हे पाण्याच्या हिशेबावरून कळतं. माणूस दिवसाकाठी दीड-दोन लिटर पाणी पितो, पण लहान आतड्यात उतरणारा द्रव आठ-नऊ लिटर असतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. यातलं बहुतेक तिथेच परत शोषलं जातं आणि मोठ्या आतड्याकडे जेमतेम दीड लिटर जातं. पटकीत हा हिशेब उलटतो, म्हणून काही तासांत माणूस सुकून जातो. तरीही साखर-मिठाचं पाणी त्याला वाचवू शकतं, कारण साखरेबरोबर सोडियम आत ओढून घेणारी आतड्याची यंत्रणा पटकीतही शाबूत असते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन अपुरं पडल्यावर याच आधाराने हजारोंवर उपचार केले.

शोषणाचं काम करतात ते आतल्या अस्तरावरचे मिलिमीटरभर उंचीचे अंकुर. त्यांच्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून नव्या येतात. या अंकुरांमुळे आतड्याचं क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढं होतं, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये नव्याने मोजलं, तेव्हा ते तीसेक चौरस मीटर निघालं. हेही थोडं नाही. हे अंकुर झिजले की खाल्लेलं अंगी लागत नाही.

कुठे काय शोषलं जातं, याची वाटणी ठरलेली आहे. लोह आणि फॉलिक आम्ल वरच्या भागात. बी-१२ आणि पित्तक्षार अगदी शेवटी, इलियमच्या टोकाला. त्यामुळे अनुभवी डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट नकाशासारखा वाचतात. लोह, फॉलिक आम्ल आणि कॅल्शियम एकदम खाली असेल तर संशय वरच्या टोकावर जातो. बी-१२ कमी, उजव्या कुशीत खाली दुखतं आणि वजन उतरतंय, तर खालच्या टोकावर. अर्थात आपल्याकडे नुसत्या शाकाहारामुळे बी-१२ कमी असलेली माणसं इतकी आहेत, की तेवढ्यावरून इलियमला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही.

या आतड्याच्या आजारांपैकी शोधाची सर्वांत वाकडी वाट सिलियाकची आहे. लंडनच्या सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, चेहरा फिकट, शौच पांढुरकं आणि भरपूर, अशी ही मुलं. हा आजार बरा होणार असेल तर तो आहारानेच, असंही त्यांनी लिहून ठेवलं. पण आहारातलं नेमकं काय काढायचं, ते त्यांना सापडलं नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं खरोखर सुधारली. त्या आहारातून पाव-बिस्किटं वगळली होती, पण ती पिष्टमय म्हणून. श्रेय गेलं केळ्यांना, आणि पुढे कितीतरी वर्षं आईबाप केळ्यांच्या फण्या घरी आणत राहिले.

गव्हावर पहिल्यांदा नेमका संशय घेतला तो हेगच्या बालरुग्णालयातल्या विलेम डिके यांनी, तोही महायुद्धाच्या आधीच. मग १९४४-४५ चा तो हिवाळा आला. जर्मनांनी रसद तोडलेली, हॉलंडमध्ये लोक ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढत होते, आणि पाव मिळेनासा झाल्यावर सिलियाकची मुलं मात्र सुधारू लागली. दोस्तांच्या विमानांतून पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. गव्हाच्या पिठातला ग्लुटेन हा घटक मुलांना बाधतो, हे त्यांनी उत्रेख्तच्या सहकाऱ्यांबरोबर शौचातली चरबी मोजमोजून दाखवलं. किळसवाणं काम, पण त्याशिवाय पुरावा उभा राहिला नसता.

आतड्यात नेमकं बिघडतं काय, हे मात्र तोवर कुणीच पाहिलेलं नव्हतं. मृत्यूनंतर लहान आतड्याचं अस्तर फार लवकर कुजतं. त्यामुळे शवविच्छेदनात झिजलेले अंकुर दिसले, तरी ते मेल्यानंतर झालं असेल म्हणून सोडून दिलं जाई. इंग्लंडमध्ये डॉ. पॉली यांनी जिवंत रुग्णांच्या शस्त्रक्रियेत घेतलेले तुकडे १९५४ मध्ये तपासले, तेव्हा अंकुर खरोखरच सपाट झाल्याचं कळलं. पण तुकड्यासाठी प्रत्येकाचं पोट कापणार कसं? यावर अमेरिकी लष्करातले रक्तविकारतज्ज्ञ विल्यम क्रॉस्बी यांनी १९५७ मध्ये एक उपाय काढला. बारीक नळीला बांधलेली धातूची लहानशी डबी रुग्णाने गिळायची. क्ष-किरणांत ती जेजुनममध्ये उतरलेली दिसली, की बाहेरून पिचकारीने हवा ओढायची. डबीच्या भोकात अस्तराचा कण खेचला जाई आणि स्प्रिंगवरचं पातं तो कापून घेई. मग नळी ओढून डबी बाहेर. लहान मुलांनाही ही डबी गिळावी लागे आणि तासन्‌तास थांबावं लागे. आज तेच तुकडे साध्या दुर्बिणीतून काही मिनिटांत घेतले जातात. ते चार-सहा ठिकाणचे घ्यावे लागतात, कारण झीज ठिकठिकाणी विखुरलेली असू शकते.

त्याआधी हल्ली रक्ताची टीटीजी अँटिबॉडी तपासणी होते. इथे एक चूक सर्रास घडते. कुणीतरी सांगतं, ‘गहू बंद कर, बरं वाटेल.’ दोन-तीन महिने गहू बंद करून, बरं वाटल्यावर मग रुग्ण तपासणीला येतो. गहू थांबला की अँटिबॉडी ओसरते, अंकुर पुन्हा वाढू लागतात आणि खरा सिलियाक असूनही तपासणी कोरी येते. म्हणजे आधी तपासणी आणि मग पथ्य, हाच क्रम हवा. हे पथ्य आयुष्यभराचं असतं, ते अंदाजावर कुणाच्या गळ्यात मारणंही बरं नव्हे.

भारतात सिलियाकचं प्रमाण प्रांताप्रांतात किती बदलतं, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. उत्तरेत शंभर प्रौढांत एकाहून थोडे जास्त, दक्षिणेत हजारांत एक. आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. मराठी ताटात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आहेत, म्हणजे पथ्य सोपंच जाईल असं वाटतं. अडचण आडून येते. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटात असतो. बाजारच्या बांधानी हिंगाला पुष्कळदा गव्हाच्या पिठाचा आधार दिलेला असतो, त्यामुळे आमटीची फोडणीसुद्धा संशयित ठरते. आणि गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असेल, तर पाठोपाठच्या ज्वारीत त्याचं पीठ उतरतंच. भाकरीत चिमूटभर गव्हाने काय होतंय, असं घरातल्यांना वाटतं. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातलेली मर्यादा पाहिली, की त्या चिमटीचं वजन कळतं: किलोमागे वीस मिलिग्रॅम. त्यामुळे अशा घरांत पुढे एक वेगळी छोटी चक्की येते.

अंकुर झिजवणारा सिलियाक एकटाच नव्हे. जुन्या पिढीत जिला संग्रहणी म्हणत, त्या दीर्घकाळच्या जुलाबांत उष्ण कटिबंधातला स्प्रू हा आजारही येई. साठच्या दशकात तमिळनाडूतल्या खेड्यांमध्ये त्याच्या साथी आल्या आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथान यांनी गावोगाव जाऊन त्यांचा माग काढला. त्यावरचा उपचार फॉलिक आम्ल आणि टेट्रासायक्लिन. यातल्या फॉलिक आम्लाचा धागा मुंबईपर्यंत येतो. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली ती गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या पांडुरोगाचं कारण शोधायला. लोहाने न सुधारणारा हा पांडुरोग यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावायच्या मार्माइटने बरा होतो, हे तिने दाखवलं. तो गुण देणारा घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

काही बिघाड इतके साधे असतात की त्यांना दुर्बीण लागतच नाही. दूध प्यायलं की गॅस आणि जुलाब होणाऱ्यांची श्वासाची चाचणी होते. दुधातली साखर पाजून दर थोड्या वेळाने श्वासातला हायड्रोजन मोजतात. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, आतड्यातले जिवाणू करतात. साखर वर पचली नाही की ती खाली त्यांच्या हाती पडते, आणि तो वायू रक्तातून फुफ्फुसांपर्यंत येतो. अशांपैकी अनेकांना दही मात्र निवांत पचतं.

आता पुन्हा त्या सात हिमोग्लोबिनच्या माणसाकडे. पचनमार्गातल्या एकूण रक्तस्रावांपैकी साधारण पाच टक्के लहान आतड्यातून होतात, आणि तेच सर्वांत जास्त छळतात. त्यांचा छडा लागू लागला तो एका क्षेपणास्त्र अभियंत्यामुळे. गॅव्रिएल इडान हे इस्राएलच्या संरक्षण संस्थेत क्षेपणास्त्राचे ‘डोळे’ बनवत. १९८१ मध्ये बॉस्टनला असताना शेजारी राहणाऱ्या पोटविकारतज्ज्ञाने, एटन स्कापा यांनी, त्यांच्यापुढे आपलं रडगाणं मांडलं, की लहान आतड्यात बघायला साधनच नाही. कॅमेरा गिळता येईल ही कल्पना त्या गप्पांतून निघाली, पण त्या काळचा कॅमेरा इतकी वीज खाई की बॅटरी काही मिनिटांत बसली असती. नव्वदच्या दशकात कमी विजेवर चालणारे चित्रसंवेदक आले आणि गाडं सरकलं. लंडनमध्ये पॉल स्वेन स्वतंत्रपणे याच खटपटीत होते. दोघे एकत्र आले, आणि १९९९ मध्ये पहिली कॅप्सूल स्वेन यांनी स्वतःच गिळली. २००१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली.

अकरा मिलिमीटर जाड, सव्वीस मिलिमीटर लांब. आदल्या दिवशी हलका आहार आणि जुलाबाचं औषध, सकाळी उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर गिळायची, कमरेला रेकॉर्डर बांधून घरी गेलं तरी चालतं. सुरुवातीच्या कॅप्सूल सेकंदाला दोन फोटो काढत. आठ तासांत ते पन्नास हजारांच्या वर जातात. एवढे फोटो बघायला डॉक्टरांना तासभर बसावं लागतं आणि रक्त पाझरणारी केशवाहिनी एखाद-दुसऱ्याच फोटोत असू शकते. म्हणून हल्ली पहिली चाळण संगणक लावतो. वयस्कर माणसांत बहुधा असा फुटका रक्तवाहिन्यांचा गुंता सापडतो, सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्यांत व्रण, तरुणांत क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार किंवा गाठ. आणि कधी कधी पडद्यावर दिसतो तो अस्तराला तोंड लावून बसलेला, वळवळणारा अंकुशकृमी. अनवाणी पायांतून शिरलेला हा जंत रोज थोडं थोडं रक्त पीत असतो आणि अल्बेंडाझोलच्या एखाद-दोन गोळ्यांनी जातो. महागडी तपासणी आधी आणि शौचाची साधी तपासणी नंतर, अशी ही उलटी गंगा टाळता येण्यासारखी असते.

कॅप्सूल फक्त बघते. तुकडा घेणं, रक्तस्राव थांबवणं तिला जमत नाही. आतडं कुठे आवळलेलं असेल तर ती तिथेच अडकूनही बसते. शंभरात एक-दोघांत असं होतं, क्रोन्सच्या रुग्णांत त्याहून जास्त. म्हणून संशय असेल तर आधी स्कॅन करतात किंवा अडकली तरी आपोआप विरघळणारी खोटी कॅप्सूल गिळायला देतात. खरी बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नसतो.

हात पोचवण्याची सोय जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी केली, तीही २००१ मध्येच. दुर्बीण ढकलून पुढे जात नाही, तर आतडंच मागे ओढून तिच्यावर चढवायचं, असा त्यांचा उलटा विचार. दुर्बिणीच्या टोकाला एक फुगा, तिच्यावरच्या बाह्यनळीला दुसरा. एक फुगवून आतड्याला धरायचं, दुसरा सोडून पुढे सरकवायचा, मग दोन्ही फुगवून मागे खेचायचं. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना कापडाच्या चुण्या जमाव्यात, तसं मीटर-मीटर आतडं नळीवर गोळा होतं. दोन-दोन तास चालणारं, भूल द्यावी लागणारं काम आहे, म्हणून आधी कॅप्सूल किंवा स्कॅनने जागा हेरून मगच ते हाती घेतात.

ही सगळी साधनं हाताशी असूनही भारतातल्या डॉक्टरांना एका ठिकाणी अडखळायला होतं. ते ठिकाण म्हणजे इलियम संपून मोठं आतडं सुरू होतं तो कोपरा. आतड्याचा टीबी तिथेच घर करतो आणि क्रोन्सही. क्रोन्सचं वर्णन न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये चौदा रुग्णांवरून केलं. लेखकांची नावं वर्णानुक्रमे होती म्हणून आजाराला पहिल्याचं नाव चिकटलं. त्याआधी असे रुग्ण पुष्कळदा टीबीतच जमा होत. आपल्याकडे दीर्घकाळ तसंच चालू राहिलं आणि ते अगदी चूकही नव्हतं, कारण इथे टीबीच जास्त होता. मुंबईचे शल्यचिकित्सक एस. के. भन्साळी यांनी १९७७ मध्ये पोटाच्या टीबीच्या तब्बल ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता.

आता दोन्ही आजार शेजारी-शेजारी भेटतात आणि एकमेकांचे मुखवटे घालून येतात. पोटात मुरडा, वजन उतरणं, रक्त कमी, दुर्बिणीत व्रण, तुकड्यात दाहाच्या गाठी, सगळं दोन्हीकडे. फरकाच्या खुणा आहेत, पण त्या झुकत्या मापाच्या. संध्याकाळचा ताप, पोटात पाणी, छातीच्या फोटोत जुना डाग, आडवे व्रण असतील तर टीबी. उभे लांब व्रण, गुदद्वारापाशी भगंदर, वर्षानुवर्षांचे जुलाब असतील तर क्रोन्स. टीबीचे जंतू आतड्याच्या तुकड्यात इतके थोडे असतात की जनुकीय चाचणीही पुष्कळदा हुकते. ती नकारात्मक आली म्हणजे टीबी नाही, असं म्हणता येत नाही. सीटी एन्टरोग्राफीत रुग्णाला तासाभरात लिटर-दीड लिटर औषधी पाणी पाजून आतडं फुगवतात. मग भिंतीची जाडी, आवळलेले भाग आणि भोवतीच्या गाठी दिसतात. गाठींच्या मध्यभागी कुजल्याची खूण असेल, तर पारडं टीबीकडे झुकतं.

इथे चुकल्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं दिली, तर टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोन्सला टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या, तर तेवढ्या काळात आतडं आवळत जातं. मग निकाल लागतच नसेल, तेव्हा डॉक्टर टीबीची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आत बघतात. रुग्णाला बरं वाटतंय एवढ्यावर भरवसा ठेवत नाहीत, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही काही दिवस बरं वाटू शकतं. बघायचे ते व्रण. ते भरून आले असतील तर टीबी धरून सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायचा. तसेच उघडे असतील तर औषधांना दाद न देणारा टीबी नाही ना, याची खात्री करून क्रोन्सच्या उपचारांकडे वळायचं. या दुसऱ्या दुर्बिणीला बरेच रुग्ण टाळाटाळ करतात. पोट साफ करायचं ते औषध पुन्हा प्यायचं म्हटलं की नको वाटतं. आणि टीबी पुरता बरा झाल्यावरही जेवणानंतर कळ येत राहिली, तर औषध फुकट गेलं असं समजायचं कारण नाही. व्रण भरताना उरलेला वणाचा पट्टा आतडं आवळून धरतो. तो गोळ्यांनी सुटत नाही. फुग्याने रुंद करावा लागतो, नाहीतर तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो.